नव्या राऊटरवरची संथा

“कृष्णे कल्याणि हे मातः,” मी म्हटले आणि थांबले.

संथेचा नियमच तसा आहे. शिकवणाऱ्याने चरण एकदा म्हणावा, शिकणाऱ्याने तो दोनदा म्हणावा, आणि मगच पुढच्या चरणाला हात घालावा. शाल्मलीला मी पहिल्याच दिवशी बजावले होते, “मी जे म्हणेन ते जसंच्या तसं, दोनदा. एक अक्षर गाळायचं नाही, एक अक्षर पदरचं घालायचं नाही.” त्यावर हॉलंडमधल्या आपल्या स्वयंपाकघरात बसलेल्या माझ्या सहा वर्षांच्या नातीने मान इतक्या निष्ठेने हलवली होती की तिची एक वेणी सुटली.

त्या शनिवारी मात्र टॅबच्या काचेवर ती उघड्या तोंडाने, एक हात वर करून, देवळाच्या भिंतीवरल्या शिल्पासारखी थिजली होती.

“ऐकू येतंय का गं?” मी विचारले.

विचारले तेही श्लोकाच्याच स्वरात. माझे वडील पाठशाळा चालवीत. संथा चालू असताना कोणी मध्येच साध्या बोलण्यावर उतरले, तर पायताण घालून गाभाऱ्यात शिरल्यासारखे त्यांना वाटे. आम्ही मुले तहान लागली तरी पाणी त्याच स्वरात मागत असू. ते वळण माझ्या जिभेवरून कधी उतरले नाही.

चित्र थरथरले. शाल्मलीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग आवाज आला तर चेहरा नाहीसा झाला; विहिरीच्या तळातून यावे तसे नुसते “तः... तः...” आले. मी चरण पुन्हा म्हटला. पुन्हा विचारले, “ऐकू येतंय का गं?” पुढचा चरण, “शीतलं देहि मे जलम्.” पुन्हा तेच. चार चरणांचा एक श्लोक ओलांडताना कृष्णेला पूर आल्यावर नावाड्याचे व्हावे तसे माझे झाले.

अखेरीस चौकटीत माझी मुलगी मुग्धा आली.

“आई, राहू दे आज. तुमच्याकडचं नेट फारच गंडलंय. नागपूरच्या आई लाइनवर आल्यात, शालू त्यांच्याकडे गाणं करेल. आपण पुढच्या शनिवारी बघू, हं?”

हे वाक्य मात्र अक्षरही न गळता, एका दमात मिरजेला पोहोचले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. शाल्मली आज माझ्याहून हातभर उंच आहे. पण त्या क्षणी काचेवर उरलेला माझाच चेहरा मला अजून आठवतो. मत्सराला काव्यशास्त्रात संचारी भाव म्हणतात, येतो आणि जातो म्हणून. माझ्याकडे तो त्या वर्षी पाटरांगोळी करून बसला होता.

नागपूरच्या आई म्हणजे माझ्या विहीणबाई, प्रमिला पांढरीपांडे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सारी नोकरी करून त्या सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. मी शाळेत संस्कृत शिकवले, त्यांनी अवघ्या विदर्भाला एकमेकांशी जोडून दिले, असे त्या स्वतःच सांगत. आवाज खणखणीत, हसणे त्याहून. हॉलंडातल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात त्या वर्षी शाल्मली पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहणार होती, आणि प्रत्येक मुलाने एकच काहीतरी म्हणायचे असा तिथला दंडक होता. मी तिच्यासाठी कृष्णामाईवर पाच श्लोक रचले. विहीणबाईंनी संत्र्यांवर हातवाऱ्यांचे गाणे रचले. “संत्र्या संत्र्या गोल गोल, सांग तुझं गुपित खोल,” असे काहीसे. मुग्धाने दोघींचे मन राखले, “जे नीट पाठ होईल ते ती म्हणेल.”

एवढे एक वाक्य, पण मला ते निकालपत्रासारखे दिसे. ती मुलगी मराठीत हसत होती हीच आमची केवढी मिळकत! संस्कृतचे पाच श्लोक तिच्या कंठात उतरले, तर माझ्या वडिलांची पाठशाळा एका समुद्रापलीकडे पोहोचली असती. तिच्या आड संत्री आली होती. आणि राऊटर.

राऊटर जावयांनी बसवला होता. मे महिन्यात केदारराव आले तेव्हा आधी नागपूरला स्वतःच्या आईकडे एक आणि मग मिरजेला आमच्याकडे एक, असे चार शिंगांचे दोन नवे राऊटर त्यांनी बसवले. आमच्याकडचा जुना डबा माडीच्या जिन्यापाशी होता; नवा दिवाणखान्यात आला. जाताना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “आई, नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवलाय. तुम्हांला काही म्हणजे काही बदलावं लागणार नाही.” मी तोंडभर आशीर्वाद दिला.

तेव्हापासून आमच्याकडचे नेट रांगू लागले आणि नागपूरचे धावू लागले. दर शनिवारी विहीणबाईंचा फोटो येई. पडद्यावरची शाल्मली इतकी स्वच्छ की गालावरचे भाताचे शीत दिसावे. खाली त्यांचे शब्द, “आज शालूचा नवा दात पाहिला! तुम्ही पाहिला का?” मी पाहिला नव्हता. माझ्या टॅबवर तिच्या तोंडाच्या जागी धुके असे.

“तोच राऊटर, तेच जावई,” मी ह्यांना म्हटले. “नागपूरला घोडा बांधला आणि मिरजेला खेचर.”

हे वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, “अगं, यंत्राला सासू आणि आई यांतला फरक कळत नाही.”

“बसवणाऱ्याला कळतो.”

“मग बसवणाऱ्यालाच विचार.”

केदाररावांना विचारले. त्यांनी तिकडून सांगितले, बंद करा, पुन्हा चालू करा. केले. उंचावर ठेवा. ठेवला, आधी शोकेसवर, मग कपाटावर. कपाट लोखंडी आहे म्हणताच तिथून उतरवून देवघराच्या कोनाड्यात. तेव्हा ह्यांनी विचारले, “नैवेद्य दाखवायचाय का त्याला?” खरे तर त्या सकाळी चंदन उगाळताना एक बोट त्याच्याकडे वळलेच होते. मग कंपनीचा माणूस आला. त्याने दिवाणखान्यात स्वतःचा मोबाइल धरला, मागच्या पोथ्यांच्या खोलीत धरला, आणि म्हणाला, “काकू, इथं तर पळतंय की! तुमचा टॅबच म्हातारा झालाय.” ह्यांचा मोबाइलही मागच्या खोलीत रखडतो हे त्याला दाखवले. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “हाही काकांच्याच वयाचा दिसतोय.”

त्याच संध्याकाळी लँडलाइन वाजली. विहीणबाई लँडलाइनवरच फोन करीत. मोबाइलवर माणूस बोलतो, लँडलाइनवर घर बोलते, असे त्यांचे म्हणणे असे.

“नमस्कार हो विहीणबाई! बोला, का इथंही आवाज अडकून राहिला?”

“नमस्कार. आमचा आवाज अडकत नाही.”

“मुग्धा सांगत होती, फार त्रास होऊन राहिला तुम्हांला.”

“काही त्रास नाही. नेट उत्तम आहे आमचं. आजच कंपनीचा माणूस पाहून गेला, पळतंय म्हणाला.”

“पळून कुठं गेलं मग? शनिवारी तं दिसलं नाही.” आणि त्या मनसोक्त हसल्या. “बरं ते जाऊ द्या. तुमचे श्लोक मुग्धानं पाठवले मला. मी आमच्या शेजारच्या शास्त्रीबुवांकडून अर्थ समजून घेतला. एक विचारू?”

“विचारा.”

“त्यात ‘दूरस्थामपि दौहित्रीं’ असं आहे. दौहित्री म्हणजे मुलीची मुलगी ना?”

“हो.”

“म्हणजे कृष्णामाईनं फक्त मुलीच्या मुलीला सांभाळायचं. माझ्या मुलाची मुलगी आहे ती कोणी सांभाळायची? आमच्या नागनदीनं?”

“छंदात तोच शब्द बसतो, विहीणबाई.”

“बसवणाऱ्याला बसवता येतो हो दुसरा,” त्या म्हणाल्या. माझेच वाक्य मला मिरजेत येऊन चिकटले. मी तुटक निरोप घेऊन फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी परिस्थिती आणखी बिघडली. मी पोथ्यांच्या खोलीत नेहमीच्या पाटावर बसले होते; संथा द्यायची ती वडिलांच्या पोथ्यांसमोरच, दिवाणखान्यात नाही, हा माझा हट्ट. शेजारच्या तंतुवाद्यांच्या कारखान्यात कोणी तंबोऱ्याची तार लावीत होते, तो नाद निर्वेध येत होता, आणि माझ्या नातीचा आवाज मात्र ठेचकाळत होता. “दूरस्थामपि दौहित्रीं,” मी म्हटले. ऐकू येतंय का गं? “पाहि पाहि तरंगिणि.” ऐकू येतंय का गं? तिचे ओठ काहीतरी भराभरा म्हणत होते, माझ्यापर्यंत त्यातले शितभरच येत होते. पाचव्या श्लोकापर्यंत मी नेटाने गेले. मुग्धा म्हणाली, “आई, आता एकच शनिवार उरला. नाहीतर आपण संत्र्यांचं गाणं ठरवू या. तिला ते येतंय. तू वाईट नको वाटून घेऊस.”

“मी कशाला वाईट वाटून घेऊ?” मी म्हटले. “संत्री आरोग्याला उत्तम.”

मग मी दिवाणखान्यात आले. ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पाण्याचा पेला पुढे केला.

“एक सांगू?” हे म्हणाले. “टेलिफोनच्या तारांतलं कळणारं एकच माणूस आपल्या नात्यात आहे.”

“त्यांना विचारू? त्यांच्याच गाण्याविरुद्ध?”

“तुझे श्लोक मोठे की तुझं नाक?”

मी बराच वेळ रिसीव्हरवर हात ठेवून उभी राहिले. मग तो नागपूरचा क्रमांक फिरवला. आमच्या फोनला चकती नव्हती, बटणे होती, तरी तो क्रमांक फिरवल्यासारखाच वाटला.

“विहीणबाई,” मी म्हटले, “आमचं नेट उत्तम नाही.”

मला वाटले त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांचा आवाज एकदम ऑफिसातला झाला.

“दिवाणखान्यात बरं चालते?”

“हो.”

“मागच्या खोलीत तुमचाच टॅब अडकते, त्या माणसाचा मोबाइल अडकला नाही?”

“नाही. ह्यांचा अडकतो.”

“म्हणजे घरच्यांचा अडकते, पाहुण्याचा नाही. हं. जुना डबा कुठं आहे?”

“जिन्यापाशी होता. असेल तिथेच. त्याचं आता काय काम?”

“विहीणबाई, आत्ता तुम्ही कशावरून बोलून राहिल्या?”

“लँडलाइनवरून. तुम्हांला ऐकू येत नाही का?”

“लख्ख येतंय. त्या फोनची तार कुठं गेली, हातानं चाचपत जा बरं.”

मी रिसीव्हर कानाशी धरून, लांब तार ओढत जिन्यापाशी गेले. फोनची तार भिंतीच्या कडेने जाऊन जुन्या डब्यात शिरली होती. डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते. नव्यातून एक वायर त्याच्यात आणून सोडली होती, फोन चालू राहावा म्हणून. केदाररावांनी जाताना सांगितलेही असेल, आम्ही आशीर्वाद देण्यात गुंतलो होतो.

“जुना डबा चालू आहे,” मी म्हटले.

“मग झालं तं! नाव तेच, पासवर्ड तोच. तुमच्या टॅबला वाटते हाच आपला. तो नव्याकडं जातच नाही. जुन्याला आता नव्याचं उरलंसुरलंच मिळते, त्यात जिन्यापासून त्या खोलीपर्यंत दोन भिंती, त्यातून जेवढं झिरपेल तेवढं तो पिऊन राहिला. नवा शेजारी दुधाची घागर घेऊन उभा, आणि हे लेकरू जुन्या रांजणाला चिकटलं.”

मी त्या डब्याकडे पाहत राहिले. बाहेरचा माणूस आला की नव्याला भेटतो, घरचे मात्र जुन्यालाच धरून असतात. त्याचा मला रागही येईना.

“आता काय करू?”

“शिकवायच्या वेळी त्याची पिन काढायची. तेवढा वेळ तुमची लँडलाइन बंद पडेल, पडू द्या. मी काही फोन करत नाही त्या वेळी. काढा, आत्ताच काढून पाहा. आणि विहीणबाई, ऐका, ते शालूचं मधलं जे आहे ना, ते तुम्ही तिला...”

मी पिन काढली होती.

फोन मुका झाला. ज्या डब्यातून त्या बोलत होत्या तोच मी बंद केला होता. मी रिकाम्या रिसीव्हरमध्ये दोनदा “विहीणबाई” म्हटले. मग टॅब आणून पाहिला, आणि मागच्या खोलीत तो असा धावला की मला फोनचा विसर पडला. संध्याकाळी पिन पुन्हा लावली तेव्हा वाटले, त्या फोन करतील. त्यांनी केला नाही. मीही केला नाही. कृतज्ञतेचे शब्द तोंडात आयते होते, पण त्यांच्यामागून मत्सरही डोकावत होता, म्हणून ते बाहेर काढले नाहीत.

शेवटच्या शनिवारी आमची संथा गंगौघासारखी वाहिली. शाल्मली समोर बसल्यासारखी दिसत होती. तो दात मी पाहिला. किंचित तिरका होता, माझ्या मुग्धाचा होता तसाच. मी म्हणे, ती दोनदा म्हणे. कुठे अडखळ नाही. पाच श्लोक झाले, तेव्हा ती कपाळाला आठी घालून म्हणाली,

“आजी, तू आज मधलं गाळलंस.”

“काही गाळलं नाही, बाळा. आजी अक्षर गाळत नसते.”

“गाळलंस. पण मला येतं.”

“मग सगळं एकदा सलग म्हणून दाखव बघू.”

“नाही! ते आता स्टेजवर. सरप्राइज आहे.” आणि ती पोहायला पळाली.

मुग्धाने कळवले, श्लोकच ठरले. त्या रात्री मी साखरभात केला. हे म्हणाले, “कोणाचा वाढदिवस?” मी म्हटले, “खा मुकाट्याने.”

आणि दुसऱ्याच दिवशी विहीणबाईंचा निरोप आला. कार्यक्रमाला त्या मिरजेला येणार होत्या. टाळ्या एकटीने वाजवायच्या नसतात, असे त्यांनी लिहिले होते. मला ते वाचून बरे वाटले नाही. जिंकलेल्या घोड्याच्या लगामाला हात लावायला आल्या, असे मनात आले. नेट यांनीच दुरुस्त केले, हे त्या आता चारचौघांत सांगणार, असेही आले.

त्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने आल्या. हातात संत्राबर्फीचा डबा, अंगावर ठेवणीतली पैठणी.

“पैठणी कशाला, विहीणबाई? कार्यक्रम टॅबवर आहे.”

“टॅबमधून दिसत नाही तं काय झालं, आपल्याला तं दिसते.” मग दिवाणखान्यात बसता बसता त्यांनी सहज विचारले, “शेवटच्या शनिवारी शालूनं तुम्हांला सगळं म्हणून दाखवलं?”

“नाही. सरप्राइज ठेवलंय म्हणाली.”

“हो का,” त्या म्हणाल्या, आणि का कोणास ठाऊक, फार प्रसन्न दिसल्या.

ह्यांनी जुन्या डब्याची पिन काढली. मी टॅब चौरंगावर ठेवला. हॉलंडात दुपार होती, आमच्याकडे दिवेलागण. सभागृहात गणपतीसमोर मुले मांडी घालून बसली होती, त्यांच्या मागे आईबाप. एकाने तबला वाजवला, दोघींनी नाच केला. मग आमची शाल्मली आली. परकर-पोलके, दोन्ही वेण्या शाबूत. तिने हात जोडले. माझे ओठ आपोआप हलू लागले. शेजारी विहीणबाई टॅबकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

“कृष्णे कल्याणि हे मातः,” शाल्मली म्हणाली. स्वर नेमका, विसर्ग स्वच्छ. आणि तिथेच, त्याच स्वरात, पुढचाच चरण असावा तशी ती म्हणाली,

“ऐकू येतंय का गं?”

सभागृहात हशा उसळला.

माझे ओठ थांबले. शाल्मली थांबली नाही. “शीतलं देहि मे जलम्. ऐकू येतंय का गं?” माझाच हेल, माझाच तो शेवटचा ‘गं’, अर्ध्या मात्रेने लांबवलेला. मी नियम घातला होता, जे म्हणेन ते जसेच्या तसे. तिने एक अक्षर गाळले नव्हते. माझी पाठशाळा समुद्रापलीकडे पोहोचली होती, ती अशी.

मला टॅब पालथा घालावासा वाटला. पण तिसऱ्या चरणाला समोर बसलेल्या एका चिमुरड्याने उत्तर दिले, “येतंय!” मुले खिदळली. चौथ्याला दहा-बारा मुलांनी दिले, “येतंय!” दुसऱ्या श्लोकाला त्यांच्या आईबापांचेही आवाज त्यात मिसळले. शाल्मलीला त्याचे नवल वाटलेले दिसले नाही; प्रश्न विचारल्यावर उत्तर यायचेच, अशा शांतपणे ती पुढे जात होती. मी हळूहळू डोळे उचलले. हसणे कधी थांबले ते कळले नाही. नुसता तिचा प्रश्न आणि त्या सगळ्या दूर राहणाऱ्या माणसांचे उत्तर, एवढेच येत-जात राहिले.

शेवटचा चरण आला. “पाहि पाहि तरंगिणि,” ती म्हणाली. आणि या वेळी तिने समोर पाहिले नाही. पायांजवळ नदी वाहत असावी तशी खाली वाकून, हळूच विचारले,

“ऐकू येतंय का गं?”

कोणी उत्तर दिले नाही. सगळे सभागृह तिच्याबरोबर वाट पाहत राहिले.

मग टाळ्यांनी टॅबचा आवाज फाटला.

मी विहीणबाईंकडे वळले. त्या पैठणीच्या पदराने डोळे टिपत होत्या, आणि ते मला दिसू नये म्हणून नाकही पुसत होत्या.

“त्या दिवशी फोन तुटला तेव्हा तुम्ही हेच सांगत होता,” मी म्हटले. “मधलं जे आहे ते.”

“हो.”

“तुम्हांला ठाऊक होतं.”

“पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्याकडे लाइनवर येऊन म्हणून दाखवायची ना ती.”

“मग पुन्हा फोन का नाही केलात?”

“काहून करू?” त्यांनी पदर खाली घेतला. “आधी सांगायलाच निघाले होते, देवाशपथ. फोन तुटला, आणि मनात आलं, तुटला तं तुटला. होऊ दे फजिती मास्तरीणबाईंची. तुमचं तोंड बघायला आले मी नागपूरहून, कळलं? पैठणी नेसून!”

हे हातातला पेला घेऊन जागच्या जागी उभे राहिले. मला राग यायला हवा होता. मी त्याची वाटही पाहिली.

“एवढं काय केलं होतं मी तुमचं?” मी विचारले.

“तुम्ही काही नाही केलं. तिनं केलं.” त्यांचा खणखणीत आवाज एकाएकी बारीक झाला. “मी म्हटलं होतं तिला, शालू, ते आजीचं बोलणं आहे, श्लोक नाही. तं म्हणे, नाही, आधी नदीला विचारायचं, ऐकू येतंय का, आणि मग पाणी मागायचं. आणि मग मला म्हणे, तुझ्या गाण्यात कोणी कोणाला विचारतच नाही. मी म्हटलं, बाई गं, आपलं नेट चांगलं आहे, मला दिसतंय तू ऐकून राहिली. तं ती म्हणे, तरी विचारायचं.”

मी संत्राबर्फीचा डबा उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक तुकडा मोडून अर्धा मला दिला.

तेवढ्यात टॅब वाजू लागला. शाल्मली होती, घामेजलेली, वेणी अखेर सुटलेली. माझा हात पुढे गेला होता. तो तिथेच थांबवून मी टॅब उचलला आणि विहीणबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, पदर सारखा केला आणि पडद्यावर वाकल्या. चित्र आरशासारखे स्वच्छ होते. तिच्या कपाळावरचे चिकटलेले केस मोजता आले असते.

“शालू,” त्या म्हणाल्या, “ऐकू येतंय का गं?”

“येतंय, आजी!” शाल्मली म्हणाली. “का? तुला आज रेंज नाहीये का?”

“आहे गं बाई, चांगली आहे,” विहीणबाई म्हणाल्या. “तरी विचारून राहिले.”